पिशवी नेमकी कुणाची?

मुरुडच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला होता, नवरानवरी घामानं निथळत उभे होते आणि माईकवर मी होतो. मंडप माझा, भोंगे माझे, आवाजही माझाच. हा आमचा धंदा. आमच्याकडं लग्नाला कोण कोण आलं ते माईकवरून सांगावं लागतं. ज्याचं नाव राहिलं तो अक्षता टाकून न जेवता निघून जातो आणि पुढं वर्षभर मुलीच्या बापाशी बोलत नाही. म्हणून मी सकाळपासून सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंच अशा सगळ्यांचं स्वागत करत होतो आणि लघवी दाबून धरली होती.

अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी सूर धरला, तसा मी माईक ठेवून आचाऱ्याच्या चुलाण्यामागं पळालो. मागं पांढऱ्या चुन्याची भिंत होती. ऊन असं की ती भिंत डोळ्यात खुपत होती. मी मोकळा व्हायला लागलो आणि भिंतीवर लाल रंग दिसला. पहिल्यांदा वाटलं, माझ्या आधी कुणीतरी पान खाऊन थुंकून गेलंय. मग लक्षात आलं की पिचकारी अजून चालू आहे, आणि ती माझी आहे.

तिकडं भोंग्यातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. माझा माईक दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला मला कधीच सहन होत नाही. मी परत गेलो, माईक काढून घेतला आणि म्हणालो, "जेवणाची व्यवस्था उजव्या बाजूला केलेली आहे, कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये ही नम्र विनंती." आवाज जरासुद्धा हलला नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं.

"दुखायलंय का?"

"न्हाई."

"जळजळ?"

जळजळ नव्हती. पण ती इतक्या आशेनं विचारत होती की मी म्हणालो, "हाय थोडी."

"मग उन्हाळी लागली. दिसभर मंडपात उभं ऱ्हायचं, पानी प्यायचं न्हाई, दुसरं काय हुनार?"

उन्हाळी! काय गोड शब्द आहे बघा. आमच्या भागात ऊन डोक्यातून शिरतं आणि लघवीवाटे निघतं, यावर कुणाचं दुमत नाही. त्यावर औषधही ठरलेलं. होळीच्या दिवसांत वाळवून ठेवलेली पळसाची फुलं डब्यात असतातच. ती पाण्यात भिजत घातली की केशरी पाणी होतं, ते खडीसाखर घालून प्यायचं. मी प्यायला लागलो. तांब्यानं प्यायलो. आणि एक मोठी सोय झाली. आता लघवी लाल झाली तरी भ्यायचं कारण उरलं नाही. केशरी पाणी आत चाललंय, तर बाहेर काय दूध येणार? असं मी बायकोला म्हणालो, शेजाऱ्याला म्हणालो, आणि संडासात एकटा असताना स्वतःला म्हणालो. तिथं मात्र ते पटायला वेळ लागायचा.

लग्नसराई अर्धी झाली तोवर मी माईकशेजारी फुलांच्या पाण्याची बाटली ठेवून बोलत होतो. लोकांना वाटायचं, घसा सांभाळतोय.

मग एका सकाळी लघवी झालीच नाही. कळ येत होती, ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि थेंबही पडत नव्हता. मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो. शेवटी जोर लावल्यावर काळपट लाल असा एक गोळा पडला, जांभळाएवढा. मी ओरडलो. बायको दार ढकलून आत आली, तिनं खाली बघितलं आणि म्हणाली, "ही उन्हाळी न्हाई."

लातूरला जाताना गाडीत तिनं माझा हात असा आवळून धरला होता की बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

लातूरच्या दवाखान्यात आधी नळी घातली. त्या नळीतून पाणी आत सोडायचं आणि रक्ताच्या गाठी धुऊन बाहेर काढायच्या. बाहेर आलेलं सगळं पलंगाच्या कडेला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमा व्हायचं. त्या पिशवीकडं मी बघत नव्हतो, पण ती माझ्याकडं बघत होती. नंतर कमरेखालचा भाग बधिर करून डॉक्टरांनी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घातली. मी जागा होतो. त्यांच्या समोरच्या पडद्यावर माझ्या पोटातलं सगळं दिसत होतं, आणि मी मान वाकडी करून बघत होतो, कारण पडदा दिसला की बघायचा ही माझी सवय. गुलाबी भिंत दिसली. त्या भिंतीवर निळ्या-जांभळ्या, वेड्यावाकड्या, फुगलेल्या दोऱ्या दिसल्या. गांडुळांचा गुंता पडावा तशा. एका दोरीतून बारीक लाल धूर निघत होता.

डॉक्टर गप्प झाले. आतापर्यंत ते सिस्टरशी पावसाच्या गोष्टी करत होते. त्यांनी दुर्बीण हळूच, अगदी हळूच मागं घेतली, झोपलेल्या कुत्र्याच्या बाजूनं जावं तशी. माझ्या आयुष्यात मी खूप लोकांना गप्प बसवलंय. पण समोरचा माणूस माझ्या आतमध्ये बघून गप्प झाल्यावर काय वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

"कॅन्सर हाय का साहेब?" मी विचारलं.

"नाही. शिरा आहेत. फुगल्यात."

मला हसू आलं. सुटलो, असं वाटलं. डॉक्टर हसले नाहीत.

माझा मेव्हणा चाकूरचा, पण लातूरच्या आडतीवर कामाला. तो तोवर धावत आला होता. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून सांगितलं. पोटातलं रक्त लिव्हरमधून पुढं जातं. माझं लिव्हर कडक झालंय, वाट अडली. हमरस्ता बंद झाला की गाड्या जशा गावातल्या बोळांत शिरतात, तसं रक्त बारीक शिरांमध्ये शिरलं आणि त्या फुगल्या. बहुतेकांच्या त्या अन्ननलिकेत फुगतात. माझ्या लघवीच्या पिशवीत फुगल्या.

"म्हंजे मी जरा येगळाच नमुना हाय," मी म्हणालो.

"यात वेगळं असण्याचा फायदा नाही," डॉक्टर म्हणाले. "दारू किती घेता?"

"थेंबसुद्धा न्हाई."

मेव्हणा खोकला. बायको जमिनीकडं बघायला लागली. त्याचं कारण असं की हळदीच्या कार्यक्रमात मी दारुड्याची नक्कल करतो. ती इतकी नामांकित आहे की लोक दुसऱ्या तालुक्यातून खास बघायला येतात. बाहेर बाकड्यावर मेव्हण्यानं मला गाठलंच.

"दाजी, खरं सांगा. ताईला कळू देत न्हाई."

"आरं, न्हाई घेत रे बाबा."

"मग तोल जायची ती अदा कुठून येती? माझा चुलता रोज पितो, त्याला बी तसं जमत न्हाई."

डॉक्टरांनीच सोडवलं. साखर आणि चरबी यांनीही लिव्हर असंच होतं, ते म्हणाले, आणि विचारलं, "लग्नात जेवण किती करता?" तिथं मी जमिनीकडं बघायला लागलो आणि बायकोनं मान वर केली. तिचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडायचा होता, कारण डॉक्टरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"या शिरा मी जाळू शकत नाही. हात लावला तर फुटतील. रक्त असंच जात राहिलं तर पोट उघडून पिशवी काढावी लागेल. आणि तुमच्या लिव्हरच्या या अवस्थेत पोट उघडलं तर रक्त थांबवणं अवघड आहे." ते थांबले. "फार अवघड आहे."

"मग?" बायकोनं विचारलं.

नांदेडला एक डॉक्टर आहेत, ते म्हणाले. चिरफाड करत नाहीत. सुईतून तार घालून शिरेपर्यंत जातात आणि ती आतून बंद करतात. जमलं तर जमलं.

'जमलं तर जमलं' हे वाक्य मी मंडपाचे खांब रोवताना शेकडो वेळा म्हटलंय. ते इतकं वाईट वाक्य आहे हे मला माहीत नव्हतं.

ॲम्ब्युलन्समध्ये चढण्याआधी मेव्हण्यानं चाकूरला आईला फोन लावला. रेंज नव्हती म्हणून तो ओरडून बोलत होता, "आये, पिशवीतून रक्त जायलंय! हाव, पिशवीतून! नांदेडला नेऊ लागलाव! ताई? हाव, ताई गाडीतच हाय! पिशवी काढावी लागंल म्हनत्यात!" मग फोन कट झाला. आम्ही कुणी त्याकडं लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला हवं होतं.

लातूर ते नांदेड रस्ता मी शंभर वेळा केला असेल, भोंगे आणि खुर्च्या घेऊन. त्या दिवशी मी छताकडं बघत गेलो. प्रत्येक खड्ड्याला नळीला हिसका बसायचा आणि मला वाटायचं, सुटली, शीर सुटली. बायको पिशवी बघायची, मी तिचा चेहरा बघायचो. रंग काय आहे हे तिच्या तोंडावरूनच मला कळत होतं. अहमदपूरच्या पुढं तिनं तोंडच फिरवलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

नांदेडचे डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. मी अंगापिंडानं मोठ्या माणसावरच विश्वास ठेवतो, त्यामुळं आणखी घाबरलो. त्यांनी स्कॅन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "बरगड्यांच्या मधून सुई घालून लिव्हरमधल्या शिरेत जाऊ. तिथून बारीक नळी खाली लघवीच्या पिशवीपर्यंत. फुगलेल्या शिरांमध्ये चिकट औषध सोडू, तारेची वेटोळी ठेवू. शिरा आतून बंद. टाका नाही, चिरा नाही."

"आन् न्हाई झाल्या बंद तर?"

"तर मग तेच मोठं ऑपरेशन. पण त्याबद्दल आज नको बोलायला."

म्हणजे एवढंच उरलं होतं. सुई लागू पडली तर मी, नाही तर ते टेबल, जिथून उठेन की नाही हे कुणी सांगत नव्हतं. आधी रक्ताच्या बाटल्या चढवायच्या होत्या, म्हणून सुई दुसऱ्या दिवशी दुपारी ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा चहा आणायला खाली गेला होता. आणि दारात माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या. सोबत त्यांची बहीण, म्हणजे माझी मावससासू. दोघींच्या डोक्यावर पदर, हातात पिशव्या, डोळे रडून सुजलेले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. इतक्या वर्षांत सासूबाई माझ्याशी सरळ एक वाक्य बोललेल्या नाहीत. आमच्यातली रीतच तशी. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि जावयाला सांगायचं ते भिंतीला सांगायचं. मग जावयाच्या लघवीचा विषय त्यांच्यासमोर निघणं म्हणजे तर प्रलयच. म्हणून त्या दिसल्याबरोबर बायकोनं झडप घातली आणि पलंगाला टांगलेल्या त्या लाल पिशवीवर टॉवेल टाकला. रक्ताची बाटली संपून माझा हात तेवढ्यापुरता मोकळा होता, त्यामुळं मी नुसता पडलेला माणूस दिसत होतो.

सासूबाई माझ्याकडं न बघता थेट लेकीच्या गळ्यात पडल्या.

"माय माझी! उबी कामून हायस तू? बस खाली!"

"मला काय झालंय, आई?"

"गप ऱ्हा. समदं कळलंय आमाला."

मावशीनं बायकोच्या पाठीवर हात फिरवला. "कवाधरनं जायलंय गं रगत?"

बायकोला वाटलं, माझं विचारतायत. ती लाजून, हळू आवाजात म्हणाली, "लगीनसराई लागल्यापासनं."

"आन् आता सांगालीस!"

"उन्हाळी वाटली वो मावशी. पळसाचं पानी चालू होतं."

मावशीनं कपाळावर हात मारला. मग सलाईनच्या खांबाकडं तोंड करून म्हणाली, "काही काही मान्सं जगायेगळीच असत्यात बाई. बायकू उबी, आन् आपुन पलंगावर पसरल्यात."

सलाईनचा खांब काही बोलला नाही. मला वाटलं, प्रवासानं डोकं फिरलंय यांचं.

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. डिंकाचे लाडू. उन्हाळ्यात डिंकाचे लाडू! "खा," त्या लेकीला म्हणाल्या. "अंगात रगत ऱ्हायलं न्हाई तुज्या. आन् मी सांगती ते ध्यानात धर. डॉक्टर पिशवी काढू म्हनतील. काढू द्यायची न्हाई."

आता माझ्या डोक्यात दिवा लागला. मेव्हण्याचा तो फोन! आमच्याकडं पिशवी म्हटलं की ती बाईचीच. गर्भपिशवी असं पूर्ण कुणी म्हणत नाही. अमकीची पिशवी काढली, तमकीची काढायचीय, एवढंच म्हणतात. गावोगाव इतक्या काढल्या गेल्यात की दुसऱ्या कुठल्या पिशवीला तो शब्द उरलेलाच नाही. या दोघी रात्रभर माझ्या बायकोसाठी रडल्या होत्या.

हसू माझ्या पोटातून असं उसळलं की नळी ओढली गेली आणि कळ मस्तकात गेली. मी उशी तोंडावर धरली. बायकोही समजली. तिचा चेहरा लाल झाला. तिला सांगायचं होतं, पण सांगायचं कसं? "आई, माझी नव्हं, यांची"? माझ्या सासूसमोर? तिनं माझ्याकडं पाहिलं, मी उशीकडं पाहिलं. माईकवर ज्याला कधी शब्द कमी पडला नाही तो माणूस तिथं मुका झाला होता.

आणि सासूबाई बोलतच होत्या. आता भिंतीला नाही, खांबालाही नाही. लेकीचा हात धरून, खाली बघून.

"माजी काढली तवा तू ल्हान हुतीस. पोटात दुकतंय म्हनून गेलते. डॉक्टर म्हनला, ठिवली तर सडंल, मरशील. कुनी इचारलं न्हाई, कुनी समजून सांगितलं न्हाई. तुज्या बापानं अंगठा दिला. तवापासनं कंबर माजी ऱ्हायली न्हाई. रातच्याला अंगातून आग निगती. मी कुनाला बोलले न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "मला लई भ्या वाटतंय गं."

माझं हसू कुठं गेलं ते कळलं नाही. उशी तशीच तोंडावर राहिली.

तेवढ्यात सिस्टर आली. ती घाईत होती. तिनं सरळ पलंगाच्या कडेचा टॉवेल ओढला आणि म्हणाली, "अगं बाई, भरली की पिशवी! सांगायचं नाही का? थांबा, ही काढते."

सासूबाई ताडकन उठल्या आणि दोन्ही हात पसरून लेकीच्या पुढं उभ्या राहिल्या. "न्हाई! पिशवी काढायची न्हाई!"

"आजी, भरल्यावर काढायची नाही तर काय करायचं?" सिस्टर म्हणाली. "दुसरी लावते ना."

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. "दुसरी बी मिळती काय आता?"

सिस्टरनं पिशवी उचलून धरली. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात ती पिशवी पेटल्यासारखी लाल दिसली. सासूबाईंची नजर पिशवीवर गेली, पिशवीच्या नळीवरून सरकत पलंगावर आली, चादरीखाली गेली आणि माझ्या तोंडावर येऊन थांबली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता. त्यांनी तो सावरला नाही.

"तुमची हाय?" त्यांनी विचारलं. मला. सरळ.

"हाव," मी म्हणालो. "माझीच."

त्या माझ्या पायाशी पलंगावर बसल्या. माझ्या पायावर त्यांनी हात ठेवला. हात थंडगार होता.

"लई जायलंय वो," त्या म्हणाल्या.

आतापर्यंत सगळ्यांनी मला धीर दिला होता. काही होत नाही, बरं होतंय, आजकाल सगळ्यावर इलाज आहे. मीही सगळ्यांना हसवत होतो. खरं काय चाललंय ते पहिल्यांदा त्या बाईनं सांगितलं. मी रडायला लागलो. आवाज न करता, कारण हुंदका दिला की नळी ओढायची.

दुपारी मला आत नेलं. खोली बर्फासारखी थंड. टेबल अरुंद, कूस बदलली तर खाली पडेन असं. पूर्ण भूल देणार नव्हते, नुसती जागा बधिर करणार होते.

"तीन गोष्टी," डॉक्टर म्हणाले. "हलायचं नाही. बोलायचं नाही. मी म्हणेन तेव्हा श्वास रोखायचा."

"पहिली आन् तिसरी जमंल," मी म्हणालो.

"दुसरीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही बोललात की लिव्हर हलतं आणि माझी सुई लिव्हरमध्ये असेल."

मी तोंड मिटलं. बरगड्यांच्या मधे काहीतरी दाबलं गेलं. दुखलं नाही, पण आतमध्ये परकं काहीतरी चाललंय हे कळत होतं, अंधाऱ्या घरात कुणी पावलं न वाजवता फिरावं तसं. "श्वास घ्या. रोखा." मी रोखला. पडद्यावर माझ्या बरगड्या दिसल्या. मग औषध सोडलं, अंगातून गरम लाट गेली आणि पडद्यावर काळं झाड उगवलं. खोड, फांद्या, आणि अगदी खाली, जिथं काही असायला नको तिथं, तो गुंता. दुर्बिणीतून दिसला होता तोच. "सोडा." मी सोडला.

असं किती वेळा झालं मला माहीत नाही. बोलायचं नसल्यामुळं मी आतल्या आत बोलत होतो. आमच्याकडं दहाव्याचा माईकही माझ्याकडंच असतो. 'कैलासवासी अत्यंत मनमिळाऊ होते' हे वाक्य मी ज्यांनी आयुष्यभर भांडणं केली त्यांच्यासाठीही म्हटलंय. मला वाटलं, माझ्या दहाव्याला कोण बोलणार? मुरुडात दुसरा एक जण आहे, पण तो नावं चुकवतो. माझ्या बायकोचं नाव तो चुकवेल. ती पांढरी पडून तिथं बसलेली असेल आणि तो भलतंच नाव घेईल. या विचारानं मला इतकी भीती वाटली की यंत्र टिकटिक वाढवायला लागलं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. मी बोलू शकत नव्हतो.

"शांत रहा. आता चिकट औषध सोडतोय. एकदा सुटलं की परत घेता येत नाही. आता खोकलासुद्धा नको. श्वास रोखा."

रोखला. नाकात खाज आली. नेमकी तेव्हाच. डोळ्यातून पाणी आलं, कानशिलावरून ओघळून कानात गेलं. पडद्यावर त्या गुंत्यात काळं औषध हळू सरकत होतं. एक बोळ भरला. दुसरा भरला. डॉक्टरांनी बारीक नळी झटकन ओढली. मला वाटलं, माझा प्राणच ओढला.

"सोडा," ते म्हणाले.

मी सोडला तो श्वास अजून लक्षात आहे.

नंतर वाट बघणं आलं. पिशवी आधी लाल, मग फिकट गुलाबी झाली. गुलाबी झाली तेव्हा सगळे खूश झाले. मग ती गुलाबीच राहिली आणि सगळे पुन्हा पिशवीकडं बघत बसले. डॉक्टर म्हणाले, आतलं जुनं रक्त निघतंय, बहुतेक. 'बहुतेक' म्हणाले. मग पिवळट झाली. तरी ते म्हणाले, खरं कळायचं ते नळी काढल्यावर. नळी आहे तोवर आतली पिशवी रिकामीच असते. ती भरेल, ताणेल, जोर पडेल, तेव्हा शिरा बंद राहतात की नाही ते कळेल. नाही राहिल्या तर पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सकाळी नळी काढली. भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मी प्यायलो. दुपारपर्यंत कळ आली. मला जायचं होतं आणि जायचं नव्हतं. बायको संडासापर्यंत आली. मी आत जाऊन कडी न लावता दार लोटलं.

उभा राहिलो. जोर करायला भ्यायलो. मग ते आपोआपच सुरू झालं. मी वर बघत होतो, छताच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, त्याकडं. आवाज ऐकत होतो. आवाजावरून रंग कळत नाही. संपलं. मला खाली बघवेना.

"झालं का?" बाहेरून बायको.

"हाव."

"कसं हाय?"

"बघितलं न्हाई."

"बघा की!"

"तू बघ."

ती आत आली. मी छताकडंच बघत उभा. तिचा श्वास ऐकू येत होता, मग तोही ऐकू येईना. मी म्हणालो, "आगं, बोल की."

"साधी हाय," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. साधी होती. शेजाऱ्याची असते तशी, कुणाचीही असते तशी. माझा हात तांब्याकडं गेला, तिनं तो धरला. "ऱ्हाऊ द्या. पानी टाकू नका. डॉक्टरला दावू." मग आम्ही दोघं, इतक्या वर्षांच्या संसारात कधी एवढं मन लावून काही बघितलं नसेल तसे, त्या भांड्यात बघत उभे राहिलो. लिव्हर कडक आहे ते आहेच. गोळ्या जन्मभर आहेत, आणि रक्त पुन्हा दुसरा बोळ शोधू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते दोघांनाही माहीत होतं. तरी आम्ही हललो नाही.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

"थांबा वो जरा," ती म्हणाली. "मानूस हाय आत."